महल्ल्यातला बोभाटा मराठीत आणताना

चि. स अनेक आशीर्वाद,

'महल्लादा दुव-दुव गाप'ची मराठी सबटायटलं करायची, तर आधी प्रत नीट बघून घे. शुहरत अब्बासोव यांचा हा १९६० चा ताश्कंदचा उझबेक सिनेमा रशियन आवाजातही फिरतो. त्यावरून काम करू नकोस. रशियन 'त्योत्या'मध्ये मावशी, आत्या, शेजारीण सगळ्या एकाच पोत्यात. उझबेक 'खोला' म्हणजे आईची बहीण, आणि गल्लीतली कुठलीही वयस्क बाईसुद्धा. आपली मावशीच की! 'आका' म्हणजे दादा, 'ओपा' म्हणजे ताई.

नावातला 'गाप' आपल्या गप्पांचाच फारसी भाऊबंद. 'दुव-दुव गाप' म्हणजे तोंडोतोंडी पसरलेली गोष्ट. 'महल्ल्यात चर्चा' हा बातमीचा मथळा झाला. 'गल्लीभर बोभाटा' बरं.

खरा चकवा 'होव्ली'चा. तिथे हवेली लिहिलंस की जमीनदार उभा राहतो. ही मातीच्या भिंतींची, आत अंगण असलेली साधी घरं. सिनेमात शेजारी नवे फ्लॅट उठताहेत, आया मुलांची लग्नं जमवताहेत आणि मुलांची मनं भलतीकडेच. 'अंगणाचं घर' लिही, पुढे नुसतं 'अंगण' पुरतं.

'सिझ' म्हणजे तुम्ही, 'सेन' म्हणजे तू. उझबेक मुलं आईलाही सिझ म्हणतात. मराठीत तसंच ठेवलंस तर आई सासूबाई वाटेल. तिथे 'अगं आई, तू' बिनधास्त लिही. प्रेमिकांचं 'तुम्ही' मात्र मोडू नकोस. ते कुठे 'सेन'वर घसरतात का, हे कान देऊन ऐक.

एका वेळी दोन ओळी, ओळीत फार तर ४२ अक्षरं. सॉफ्टवेअर काना-मात्राही वेगळ्या मोजतं, म्हणून मराठी ओळ दिसते त्याहून लवकर भरते. शब्द तोडण्याआधी 'आहे', 'होते' उडव. एक सेकंदाहून कमी ओळ ठेवू नकोस, सातहून जास्त नको.

पहिला संवाद जुळतो आणि शेवटी ओळी काही मिनिटं मागे पडतात? मग ओळींच्या वेळा सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीवर लावल्यास आणि चालवतोयस २५ च्या टीव्ही प्रतीवर. तासाभराचा सिनेमा तिथे ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. ओळी हाताने सरकवत बसू नकोस, सगळ्या वेळांना ०.९६ ने गुण. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर गुणाकार नको, सगळं एकदम सरकव.

फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरी सांभाळणाऱ्या साठवण-पद्धतीतच साठव, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं.

पहिली दहा मिनिटं झाली की पाठव.