नियमात मनाई नाही, मग विकायला हरकत काय?

तुम्ही विचारलंय: गावात कृषी केंद्र टाकतोय, ज्या मालाला कायद्यात मनाई नाही तो विकला तर त्यात अनैतिक काय? यवतमाळ जिल्ह्यात बारा वर्षं हेच दुकान चालवतोय, म्हणून लिहितो.

आमच्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे टॉनिक, पिकाची वाढ होते म्हणून फवारायला विकतात ते. औषधांना 1968 चा कीटकनाशक कायदा, खतांना 1985 चा खत नियंत्रण आदेश. टॉनिक दोन्हींतून निसटायचं. फेब्रुवारी 2021 मध्ये अशी टॉनिकं, कायद्याच्या भाषेत जैव उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली. तोवर ना खत ना औषध, आणि मार्जिन युरियाच्या कितीतरी पट. मीही विकलं. बेकायदा काहीच नव्हतं.

ऑगस्टात झड लागली की काळ्या रानातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडते. शेतकरी येतो, म्हणतो, "भाऊ, काही चांगलं दे ना." बाटलीचं नाव तो सांगत नाही. ते मी ठरवतो आणि पैसे त्याचे जातात, तेही उधारीवर. एका वर्षी कापूस विकून एक काका हिशोबाला आले. वहीत बियाण्यापेक्षा टॉनिकची रक्कम मोठी निघाली. मी विचारलं, "पऱ्हाटी सुधरली ना पण?" ते म्हणाले, "पानी उघडलं अन् सुधरली." तक्रार नव्हती, सहज बोलले, सगळे पैसे मोजून गेले. साचलेल्या पाण्यानं मुळं गुदमरली होती. चर खोदून पाणी काढायचं आणि वाफसा आल्यावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल राहिल्यावर, 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम युरिया फवारायचा, एवढ्यानं भागलं असतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. ते पैसे गल्ल्यात टाकताना फार वाईट वाटलं.

मिश्रणाचंही तसंच. डब्यावर पीक, कीड, मात्रा छापलेली असते. दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवा, हे मात्र काउंटरवरून तोंडी सांगितलं जातं आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. पण त्यानंतर मला असं तोंडी सांगणं जमेना.

आता पक्क्या बिलाच्या मागे मी लिहून देतो: कोणत्या पिकावर, कशासाठी, किती. लिहायला हात धजला नाही तर तो माल देत नाही. काही गिऱ्हाईक तुटलं, आणि पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली, हे लपवत नाही.

तुमच्याकडे मे महिन्यात कंपनीचा माणूस स्कीम घेऊन येईल, इतक्या पेट्यांवर सहल म्हणेल. पेटी उतरवून घेण्याआधी त्याच्याकडून याच तीन गोष्टी सहीनिशी लिहून मागा.