खिरापत ओळखा

"मॅडम, ही काहीच खात नाही हो." आहाराच्या सल्ल्यासाठी बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या आया माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा घेऊन येतात ती ही तक्रार. गेल्या सप्टेंबरात सांगलीतली एक आई चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली, सोबत सासूबाई. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) जेवायला एकेक तास लागायचा. मोबाइलवर कार्टून लावायचं, आजीनं ताट घेऊन मागे फिरायचं, तोंड उघडलं की घास सारायचा. आई हे सांगताना रडकुंडीला आली होती, आणि छोटी माझ्या टेबलाखाली बसून खडूचे तुकडे एका ओळीत लावत होती.

आधी बालरोगतज्ज्ञांचं कार्ड पाहिलं. वजन साडेचौदा किलो, उंची 100 सेंटिमीटर, वाढीचा आलेख सरळ वर चाललेला. वजन थांबलं असतं किंवा उतरलं असतं, मूल फिकट, मलूल दिसत असतं, घास गिळताना सारखा ठसका लागत असता, तर मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. इथे तसं काही नव्हतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. दोन ते पाच या वयात मात्र ते वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. शिवाय याच वयात मुलं अनोळखी चवीला बिचकतात. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे त्याला हात लावतात. आपण तिसऱ्या वेळीच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

मी आईला चार दिवस फक्त लिहून ठेवायला सांगितलं: तोंडात काय गेलं, किती वाजता. वही आली तेव्हा उत्तर त्यातच होतं. दिवसाला चार कप चॉकलेट पावडर घातलेलं दूध, मधे बिस्किटं, चार वाजता कुरकुऱ्यांचं पाकीट. जेवणाला भूक उरणार कुठून?

आईला हे लगेच पटलं. सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताटात उरलेलं मला बघवत नाही." त्या आटपाडीकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांच्या होत्या. खडी फोडायच्या कामावर आईसोबत जायच्या, तिथे मिळणारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ, धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायच्या. लाल मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची चव त्यांना अजून आठवत होती. नातीच्या मागे ताट घेऊन धावणारी बाई हट्टी नसते, घाबरलेली असते, हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं. त्यांना "तुम्ही भरवू नका" असं नुसतं सांगून चाललं नसतं. त्यांच्या हातांना दुसरं काम द्यायला हवं होतं.

दिवस हस्त नक्षत्राचे जवळ आले होते. मी विचारलं, "आजी, तुमच्याकडे हादगा मांडायचे का?" त्यांचा चेहरा उजळला. हत्ती काढलेला पाट, फेर, आणि शेवटी खिरापत! बंद डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, ओळखायचं. या खेळात खाण्याची सक्ती नसते, हे मला फार मोलाचं वाटतं. पदार्थाचं नाव आधी तोंडात येतं, घास नंतर.

ठरलं असं: दूध दिवसाला दोन कपच, पाकिटं घरात आणायचीच नाहीत, आणि रोज चार वाजता आजी-नातीनं मिळून एक खिरापत करायची. काय करायचं, किती वाजता द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते छोटीनं. दुसरं वाक्य मी सासूबाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

पहिल्या दिवशी रताळी. आजीनं उकडून, सोलून, कोमट झाल्यावर परातीत ठेवली. छोटीनं दोन्ही हातांनी कुस्करली. त्यात चमचाभर तूप, किसलेला गूळ, खोबऱ्याचा कीस, वेलदोड्याची पूड. तिच्या मुठीतून निघालेले लाडू कुठे चपटे, कुठे लांबुळके. अर्धं मिश्रण कोपरापर्यंत गेलं. तिनं एकही लाडू खाल्ला नाही, फक्त बोटं चाटली. आईनं मला संध्याकाळी निराश होऊन फोन केला. मी म्हटलं, बोटं चाटली ना? तेही खाणंच आहे. उद्या पुन्हा.

मग ओल्या भुईमुगाच्या शेंगा झाल्या, मीठ घालून उकडलेल्या. शेंग फोडताना "टक्" वाजतं म्हणून तिनं वाटीभर फोडल्या. इथे मी एक गोष्ट बजावून सांगितली होती, सगळ्यांनाच सांगते: पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा दाणा द्यायचा नाही, श्वासनलिकेत अडकतो. फोडायचं काम तिचं, चेचायचं आजीचं. शिंगाड्याचं काटेरी साल आजीनं काढलं, मऊ उकडलेला गर छोटीनं बिनधारेच्या सुरीनं कापला. सीताफळाच्या बिया मात्र आधी मोठ्यांनीच काढायच्या, नंतर तिनं त्या धुऊन मोजायच्या. शेजारच्या दोन मुली डबा ओळखायला येऊ लागल्या. नवव्या दिवशी पुन्हा रताळी होती. त्या दोघी खात होत्या, म्हणून हिनं दीड लाडू खाल्ला.

सगळं सुरळीत झालं नाही. मधे पाव्हणे आले, मोबाइल परत ताटाशेजारी आला, दोन दिवस रडारड झाली. वांग्याची भाजी बघून ती आजही तोंड फिरवते. पण जेवण वीस मिनिटांत उरकतं, आणि ताटात उरलेलं आजी मुकाट्यानं झाकून ठेवतात. त्यांच्यासाठी ते किती अवघड आहे, हे मला माहीत आहे.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. "बाई, बाजारात हरभऱ्याचे घाटे आलेत. सोलायला देऊ का हिला?"

"द्या की," म्हटलं. "सोलायला घाटे, खायला मात्र उकडून चेचून."