उन्हाळ्यात उघड्यावर काम करण्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळाभर लॅपटॉप घेऊन बाहेर, झाडाखाली किंवा बागेत बसून काम करण्याचा तुझा बेत मला पसंत आहे. त्यासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा असे तू विचारले आहेस. परंतु त्याआधी वेळेचा विचार व्हायला हवा. कामाचे तास स्वतः ठरवता येणे ही फ्रीलान्सरची खरी मिळकत असते, जागा निवडता येणे ही त्यानंतरची. असे असूनही अनेक जण कार्यालयाचे दहा ते सहा हेच वेळापत्रक उचलून बागेत नेतात आणि मग उन्हाला दोष देतात. अतिनील किरणांचा जोर साधारणपणे सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत सर्वाधिक असतो, आणि हवा तर माध्यान्हानंतरही काही काळ तापतच राहते. म्हणून सकाळचे पहिले तीन तास बाहेर काढावेत, दुपार छपराखाली घालवावी आणि उत्साह उरलाच, तर ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर यावे.

सकाळीसुद्धा उजेडाचा प्रश्न सुटत नाही. कार्यालयातील टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. भर उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीतही सहज काही हजारांच्या घरात राहतो. नेहमीच्या लॅपटॉपचा पडदा २५० ते ४०० निट्सचा (निट म्हणजे पडद्याची उजळता मोजण्याचे एकक) असतो. थेट उन्हात त्याचा निभाव लागत नाही, आणि ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवला, तर बॅटरी झपाट्याने उतरते. तेव्हा नवीन लॅपटॉप घेणारच असशील, तर मॅट, म्हणजे न चकाकणारा पडदा, शक्य झाल्यास ५०० निट्सची उजळता आणि यूएसबी-सी चार्जिंग एवढे पाहा. बाकीचे तुझ्या कामावर आणि खिशावर अवलंबून आहे.

त्याहूनही मोठा फरक बसण्याच्या दिशेने पडतो. पडद्यावर जे प्रतिबिंब दिसते, ते तुझ्या पाठीमागच्या वस्तूंचे आणि खुद्द तुझे असते. पाठीशी मोकळे आकाश असेल, तर अक्षरे पुसट होतात. गर्द झुडपांची रांग किंवा गडद भिंत असेल, तर तोच पडदा वाचता येतो. गडद रंगाचा सदरा घातल्यानेही प्रतिबिंब कमी होते. (फिकट कपडे उन्हाळ्यात अंगाला सुखाचे असतात, हे मला मान्य आहे, मी स्वतः तेच घालतो आणि थोडी चमक सोसतो.) डार्क मोड बाहेर बंद ठेव, कारण काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब अधिक ठळक दिसते. पोलराइज्ड गॉगल लावून पडदा अचानक काळा दिसू लागला, तर तो बिघडला असे समजू नकोस; एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि विशिष्ट कोनात गॉगलची काच तो अडवते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: सूर्य आकाशात ताशी १५ अंश सरकतो, त्यामुळे बसल्या क्षणी सावली कुठे आहे यापेक्षा दोन तासांनी ती कुठे असेल, हे पाहून जागा धरावी.

उष्णतेच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ॲपलने आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी सभोवतालच्या हवेची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस अशी सांगितली आहे, आणि ऊन थेट पडले, तर गडद रंगाचे झाकण हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मग व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो आणि डेडलाइन काही तुझ्यासाठी थांबत नाही. लॅपटॉप गवतावर, चादरीवर किंवा मांडीवर ठेवल्यास हवा खेळण्याची छिद्रे बुजतात, म्हणून खाली टणक आणि सपाट पृष्ठभाग हवाच. लिथियम-आयन बॅटरी तापलेली असताना चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक ठरते, तेव्हा घरून पूर्ण चार्ज करून निघावे आणि पॉवर बँक अडचणीपुरती वापरावी. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास; त्यातील काही ऊर्जा वाया जाते, पण मध्यम आकाराच्या लॅपटॉपला साधारण एकदा चार्ज करण्याइतकी ती पुरते. हॉटस्पॉट चालू असलेला फोनही उन्हात तापून अडून बसतो. त्याला सावलीत ठेव. बंद गाडीत मात्र यांपैकी काहीही ठेवू नकोस, दहा मिनिटांसाठीसुद्धा.

पाणी, टोपी आणि अधूनमधून दूरवर नजर टाकणे, हे तुला सांगायला नको.

शेवटी कामाच्या निवडीविषयी. पहिला मसुदा, वाचन, आराखडा, पत्रव्यवहार ही कामे बाहेर उत्तम होतात. रंगांचा निर्णय बाहेर कधीही घेऊ नये. बदलत्या उजेडात डोळा फसतो आणि ती चूक क्लायंटच्या पडद्यावर उघडी पडते. व्हिडिओ कॉल घरातच घ्यावेत, कारण वाऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि मागून येणाऱ्या उजेडात चेहरा काळवंडतो. ज्या क्लायंटची माहिती गोपनीय आहे, त्याची फाइल येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर उघडू नकोस. बाहेर नेण्याची कामे आदल्या रात्रीच निवडून त्यांच्या फाइली लॅपटॉपवर उतरवून ठेवल्यास नेटवर्क गेले तरी सकाळ वाया जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.