काकाकुव्याने ठेका धरला, की तालावर नाचला?

प्रश्न असा आला आहे: स्नोबॉल नावाच्या नाचऱ्या पक्ष्याच्या बातमीत 'पोपटाने ठेका धरला' असं वाचलं. ठेका धरणं म्हणजे नाचणं का? 'तालावर नाचला' का नाही म्हणायचं?

आधी पोपटाचं. स्नोबॉल हा पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा. गण एकच, त्यामुळे पोपट म्हटलं म्हणून कुणी भांडू नये.

तबल्यात ताल म्हणजे मात्रांचा आराखडा, आणि ठेका म्हणजे तो आराखडा कानाला कळावा म्हणून ठरलेले बोल. दादऱ्याच्या सहा मात्रा हा ताल; 'धा धी ना, धा ती ना' हा त्याचा ठेका. भजनाला बसलेली आजी मांडीवर बोटं आपटू लागते, तेव्हा जागची न हलता तिने ठेका धरलेला असतो. म्हणजे नाच नसला तरी ठेका असू शकतो. उलटही होतं: विसर्जन मिरवणुकीत पुढाऱ्यांनी 'ठेका धरला' असं दरवर्षी छापून येतं, त्यातले निम्मे ठेका सोडूनच नाचत असतात.

यात मोलाचं क्रियापद 'धरणे'. ठोका ऐकून मग मान हलवली तर उशीर होतो. ठेका धरणाऱ्याला पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच उमगलेलं असतं. संगीत आणि मेंदूचे अभ्यासक अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. स्नोबॉलच्या आवडीचं गाणं त्यांनी वीस टक्क्यांपर्यंत संथ आणि तेवढंच जलदही करून वाजवलं. लय बदलली तशी त्याची मान बदलली. सलग नाही, मधूनमधून सुटायचा, पण पुन्हा धरायचा. तेव्हा बातमीतला शब्दप्रयोग अगदी चपखल आहे.

'तालावर नाचणे' व्याकरणाने चूक नाही, पण 'दुसऱ्याच्या तालावर नाचणे' त्यात डोकावतं. ते शोभेल रोनन या कॅलिफोर्नियातल्या समुद्रसिंहिणीला. 2013 च्या प्रयोगासाठी तिला मासे देऊन मान डोलवायला शिकवलं होतं. (ठेका मात्र तिचा स्नोबॉलपेक्षा पक्का!) स्नोबॉलला कुणी शिकवलं नव्हतं. 2019 च्या अभ्यासात त्याच्या चौदा वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या, आणि तेच गाणं पुन्हा लावलं तरी नाच तोच नसायचा. तबलजी म्हणेल, ठेका झाला, आता पलटे, म्हणजे बोलांचे फेरफार, सुरू झाले.