तालमीचा स्ट्रायकर ह्युस्टनला येऊ का म्हणतोय

भावा, मेकॅनिकल झालंय, इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा हातात आहे, अजून कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळतोयस, तर ह्युस्टनला येऊ का असं विचारलंस. दोन दिवस टाइप करतोय आणि खोडतोय. व्हिसाची लॉटरी, फी वगैरे सरकारी साइटवर आहे ते तिथंच वाच.

एक काम आजच कर. जिथं जिथं नोकरी केलीस तिथून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, काय काम करायचास ते तारखांसकट. माझी एमआयडीसीतली पहिली कंपनी बंद पडली, ग्रीन कार्डच्या फायलीला तर पत्र पाहिजेच, मग जुन्या फोरमनकाकांना हुडकून स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट घेतलं, तीन महिने गेले त्यात, रिटायर्ड माणूस माझ्यासाठी उन्हात दोनदा नोटरीकडं गेला.

आणि बायोडेटात 'कॉलेज फुटबॉल, कॅप्टन' लिहू नकोस. मी लिहिलेलं. इथं कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेटवालं, टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमात लाखावर माणूस बसतंय. इंटरव्ह्यू घेणारा माझ्या साडेपाच फुटांकडं बघून हसला, मी सॉकर म्हटलं तर म्हणे माझी मुलगीपण खेळते.

हसण्यावारी नेलं पण लागलं रे. तिकडं माझं सगळं सेफ्टीचं काम फुटबॉलवरच चालायचं. शाहू स्टेडियमवर गोल मारताना बघितलेला माणूस सांगतोय म्हणून पोरं उंचीवर चढताना हार्नेस, म्हणजे सेफ्टीचा पट्टा, घालायची, नियमासाठी कोण घालतंय! इथं २००५ ला टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला, १५ माणसं गेली, सगळी कॉन्ट्रॅक्टरची, युनिटजवळ ठेवलेल्या ऑफिसच्या ट्रेलरमध्ये नाहीतर आसपास होती. ट्रेनिंगमध्ये मी हे सांगतो, पण स्कॅफोल्डिंगवरचे मेक्सिकन लोक माझं का ऐकतील? स्पॅनिश शिकलो, रविवारी त्यांच्या लीगमध्ये खेळलो, एक गोल मारला, सोमवारी हार्नेस घातलेले दिसले. म्हणजे परत तेच.

एकटेपणाचं विचारलंस. असतोय. पुढचं.

पोराच्या शाळेचं मात्र अजून खुपतंय. ॲडमिशनच्या फॉर्मवर घरात कुठली भाषा बोलता असा प्रश्न होता, मी ताठ मानेनं मराठी लिहिलं. लगेच त्याची इंग्लिशची टेस्ट, आणि इंग्लिश मीडियममधनं आलेलं पोरगं वर्षभर वेगळ्या वर्गात बसवलं. आठ वर्षांचा होता, त्याला वाटलं मराठीची शिक्षा झाली. घरात मराठी बोलायचा बंद झाला. शाळेला मी अजून शिव्या घालतो, पण तिथनं लवकर सुटावा म्हणून त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलायला सुरुवात मीच केली, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मागं यूट्यूबवर शाहू स्टेडियमची फायनल लावली, इथं पहाटेचे साडेचार. तो उठून आला, शेजारी बसला. कॉमेंटेटर काहीतरी ओरडला तर विचारतोय, बाबा, व्हॉट डिड ही से? मी इंग्लिशमध्ये सांगत बसलो, तेवढ्यात गोल झाला, तो बघायचाच राहिला.