मंगळवारी येणारी आई

मुलांसाठी काम करणाऱ्या आणि त्याबद्दल लिहिणाऱ्या माणसांकडून एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. "त्या लेकरांच्या दुःखावर मी माझं नाव मोठं करतेय का? रात्री डोळा लागत नाही, लिहायला बसलं की हात चालत नाही. सोडून द्यावं का हे सगळं?" अशाच एका बाईंची हकिकत त्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांमध्ये त्या बारा वर्षं काम करत होत्या. शाळा सुटलेल्या मुलांना परत शाळेत घालायचं, कामाला जुंपलेल्या मुलांना बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे) न्यायचं, आणि महिन्याकाठी एखादा लेख. दादरला माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या त्या चाळीस मिनिटं उशिरा. लोकलमध्ये आठ-नऊ वर्षांची एक मुलगी क्लिपा आणि रबरबँड विकत होती. ती शीवला उतरली, तशा ह्याही उतरल्या. फलाटावर तिची मावशी उभी होती. तिला ह्यांनी इतकं खोदून विचारलं की ती भडकली. चौकशी करण्यात चूक काहीच नव्हती. पण त्या महिन्यातली ही चौथी वेळ होती, आणि सांगताना त्यांचे हात थरथरत होते.

घरी त्यांची स्वतःची मुलगी, चौथीतली. शाळेच्या सहलीला तिला पाठवलं नव्हतं. खाली खेळायला गेली तर ह्या गॅलरीत उभ्या. "सासूबाई म्हणतात, दुसऱ्यांच्या पोरांपायी स्वतःच्या पोरीला कोंडून ठेवलंयस," हे सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या.

लेखाचा विषय निघाला तो तिसऱ्या भेटीत. तेरा वर्षांची एक मुलगी काही महिने बालगृहात होती. तिच्यावर त्यांनी लिहिलं होतं. नाव बदललं होतं, पण गल्लीच्या तोंडाशी असलेली पिवळी पाण्याची टाकी, बँडमध्ये वाजवणारे वडील आणि जुळे भाऊ तसेच राहिले. मुलगी घरी परतल्यावर गल्लीतल्या कुणीतरी तो लेख मोबाईलवर मोठ्याने वाचला. पुढच्या भेटीत मुलीने एवढंच विचारलं, "ताई, ते माझंच लिहिलंय ना?" त्यानंतर पाच महिने ह्यांनी एक ओळ लिहिली नव्हती.

"तुमचा हेतू चांगला होता" असं म्हणून पाठीवरून हात फिरवणं मला सहज जमलं असतं. मी तसं केलं नाही, कारण ती बोच खरी होती. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 फक्त नाव छापू नका एवढंच म्हणत नाही. पत्ता, शाळा, मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील त्यात येतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याचं कलम 23 तर कुटुंब आणि शेजार यांचाही उल्लेख करतं. त्या म्हणाल्या, "आईची सही घेतली होती हो." पण ती परवानगी आईने द्यायची नसते. मुलाच्या हिताचं असेल तरच, कारणं लेखी नोंदवून, बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ ती देतं; पोक्सोच्या प्रकरणात विशेष न्यायालय. हे त्यांना माहीत होतं. लेख द्यायची घाई होती, इतकंच.

मला वाटतं, अशा माणसांच्या मनात दोन गाठी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतात. एक गाठ हातून झालेल्या चुकीची. ती विश्रांतीने सुटत नाही, चूक दुरुस्त करूनच सुटते. दुसरी ऐकण्याची. रोज दुसऱ्यांचे घाव ऐकता ऐकता ऐकणाऱ्याचा जगावरचा भरवसाच उडत जातो. मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये यावर लिहिलं. थेरपी देणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, पण माझ्या खोलीत येणाऱ्या कार्यकर्त्यांना ते तंतोतंत लागू पडतं. आपण वाईट आहोत म्हणून झोप उडालीय, असं ह्या बाई धरून चालल्या होत्या. झोप उडाली होती ती बारा वर्षं मन हलकं करायला जागाच मिळाली नाही म्हणून.

दुसऱ्या गाठीसाठी आम्ही साध्या गोष्टी केल्या. रात्री नऊनंतर मुलांच्या नोंदी उघडायच्या नाहीत. दर पंधरा दिवसांनी एका ज्येष्ठ सहकारी बाईंपाशी बसून फक्त बोलायचं, कामाचा हिशेब द्यायचा नाही. रस्त्यात एखादं मूल अडचणीत दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, मग आपल्या वाटेने जायचं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. "फोन करून निघून जाऊ?" असं त्या दोन भेटींत विचारत राहिल्या. ही हेल्पलाइन 1996 मध्ये याच शहरात सुरू झाली, ती एकट्या माणसाने सगळं पेलायचं नाही म्हणूनच, असं मी त्यांना सांगितलं. झोप तरीही येईना, तेव्हा मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दिलेल्या गोळ्या काही आठवडे चालल्या. त्यात कमीपणा कसला?

पहिल्या गाठीसाठी त्यांनी संपादकांना सांगून लेख उतरवून घेतला. मग त्या मुलीकडे गेल्या, माफी मागायला. मी त्यांना बजावलं होतं की मुलीने माफ करावं अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई भेटायला येत नव्हती असं लिहिलंत तुम्ही. ती यायची. दर मंगळवारी. तुम्ही मंगळवारी यायचा नाहीत."

पिवळ्या टाकीचं तिला काही वाटलं नव्हतं. गल्लीभर तिची आई खोटी पडली, हे तिला लागलं होतं. बाईंनी वही काढली आणि तिच्यासमोर लिहून घेतलं, मंगळवार. छापण्यासाठी नव्हे.

लेखन पुन्हा सुरू झालं, पण थोडं. आता त्या एका मुलाची गोष्ट लिहीत नाहीत. समितीपुढची तारीख का लांबते, बालगृहातून घरी परतलेल्या मुलाला शाळेत पुन्हा घालताना काय काय आडवं येतं, यावर लिहितात.

या जानेवारीत लेकीला सहलीला पाठवलं. दिवसभरात तिच्या वर्गशिक्षिकेला तीनदा फोन केला, म्हणाल्या. मी विचारलं, मुलगी काय म्हणाली? "तिने विचारलं, आई, तू जेवलीस का?"