‘वडील काय करतात?’

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘माझी मुलगी सोलापूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत चांगले पर्सेंटाइल पडले, दोन बिझनेस स्कूलचे मुलाखतीचे कॉल आलेत. एक मुलाखत मुंबईला जाऊन द्यायची, दुसरी ऑनलाइन. आमच्या घरात अशा मुलाखतीला आजवर कुणी गेलेलं नाही. पुण्यात २८ हजार भरून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावला. ९ हजारांचा ब्लेझर घेतला, खांद्यात जरा सैल आहे पण ब्रँडेड आहे. दुसऱ्या वर्षी तिला एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी लागली होती (नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागला), नंतर सुटली. तो विषय काढायचाच नाही असं ठरवलंय. माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे, सात मशीन आहेत. झेडपी शाळांचं काम गेलं तेव्हापासून ओढाताण आहे. वडील काय करतात असं विचारलं तर “गारमेंट बिझनेस” सांग, असं तिला बजावलंय. ती म्हणते, पप्पा, खोटं बोलताना माझा आवाज बदलतो. कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालंय. पुढे शिकणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा “नाही” म्हणायला मीच सांगितलं होतं. ऑनलाइन मुलाखतीला मी लॅपटॉपच्या मागे बसून खुणा केल्या तर चालेल का? मुलाखतीचे सगळे शिष्टाचार मुद्देसूद लिहून पाठवा, मी तिच्याकडून पाठ करून घेतो. आणि राज्याची एमबीएची प्रवेश परीक्षा, सीईटी, तीही द्यायला लावू का?’

नमस्कार दादा,

शिष्टाचारांची यादी मी पाठवणार नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले. ‘गारमेंट बिझनेस सांग.’ इंग्रजी, ब्लेझर, केटी हे सगळं नंतर. आधी हे.

तुम्ही एका मुलाखतीपुरतं सांगितलंत, मला कळतं. मुलीचं भलं व्हावं म्हणूनच सांगितलंत, तेही कळतं. पण तिने काय ऐकलं असेल? ज्या दुकानाच्या गल्ल्यातून आपली फी गेली, ते दुकान मोठ्या माणसांसमोर काढायचं नाही. आणि हे तिला सांगितलं कुणी, तर त्याच मशीनवर रात्री बाराबारापर्यंत बसणाऱ्या बापाने. मी सराव मुलाखती घेते. रिक्षावाल्यांची, रोजंदारीवर जाणाऱ्यांची, वडापावची गाडी चालवणाऱ्यांची पोरं माझ्यासमोर बसतात. वडिलांच्या कामाचा प्रश्न आला की ज्यांची मान खाली जाते, त्यांची पुढच्या दहा मिनिटांत ती वर येत नाही. प्रश्न अभ्यासाचा असला तरी आवाज गेलेला असतो. अशा वेळी मला त्या पोराचा राग येत नाही, त्याला हे शिकवणाऱ्याचा येतो. आज तुमचा आला, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

आता व्यवहाराने बघा. ‘गारमेंट बिझनेस’ म्हटल्यावर समोरची माणसं मान डोलावून पुढे जाणार नाहीत. धंदा शिकवणं हेच त्यांचं काम. ती माणसं विचारणार, ब्रँड कोणता? माल कुठे जातो? वर्षाची उलाढाल किती? दुसऱ्याच प्रश्नाला तुमच्या लेकीचा आवाज बदलेल, तिने तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय.

आणि तिने खरं सांगितलं तर? ‘माझे वडील शाळेचे गणवेश शिवतात. आमच्याकडे सात मशीन आहेत.’ यावर विचारतील ते प्रश्न तिच्या घरातले असतील. कापड कधी घेता, उधारीवर की रोख? एप्रिल-मेमध्ये मापं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा, आणि पैसे मात्र दिवाळीपर्यंत थोडे थोडे येत राहणार. मग मधले चार-पाच महिने कारागिरांचा पगार कुठून देता? याला पुस्तकात खेळतं भांडवल म्हणतात आणि बिझनेस स्कूलमध्ये त्यावर तासच्या तास शिकवतात. शेजारी सोलापुरात गणवेशांचा एवढा मोठा तयार धंदा असताना बार्शीतली शाळा तुमच्याकडे का येते, हा प्रश्न तर मलाच पडला आहे.

झेडपीचं काम गेल्याचं तुम्ही कमीपणा असल्यासारखं एका ओळीत उरकलंत. त्यात काय दडलंय ते पाहा. २०२४-२५ मध्ये सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणलं, कापडाची खरेदी एका ठिकाणाहून केली, शिलाई महिला बचत गटांकडे दिली. बऱ्याच शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत, आणि पुढच्या वर्षापासून निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. खरेदी एका हाती असावी की गावोगावी, बचत गटाच्या बाईला काम मिळालं तेव्हा गावातल्या शिंप्याचं काय झालं, या दोन्ही बाजू तुमच्या मुलीने घरात बसून पाहिल्या आहेत. मुलाखतीला येणाऱ्या शंभरांतल्या किती जणांकडे हे असेल? आणि तुम्ही तिला तेच झाकायला सांगताय.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र तुमच्या एकट्याचा नाही, घरोघरी आहे: शिष्टाचार म्हणजे इंग्रजी. क्लासवाल्यांचं दुकान त्यावरच चालतं. उच्चार घासून घ्यायचे, हात किती जोरात मिळवायचा ते शिकवायचं, स्वतःची ओळख इंग्रजीत दोन मिनिटांची पाठ करून घ्यायची. समोर बसलेल्या दोघा-तिघांनी ती ओळख त्याच दिवशी सकाळपासून पंधरा वेळा ऐकलेली असते. इंग्रजी समजण्यासारखं हवं, वाक्य पूर्ण व्हावं, एवढं पुरतं. सोलापूरकडचा हेल आला तर येऊ द्या, त्याचे गुण कुणी कापत नाही. वागणं कशात दिसतं ते सांगते. प्रश्न पूर्ण होऊ देणं. सुचायला वेळ हवा असेल तर ‘अर्धा मिनिट घेते’ म्हणून खरंच अर्धा मिनिट गप्प बसणं. येत नसेल तर ‘नाही माहीत’ म्हणणं, अंदाज सांगायचा तर तो अंदाज आहे असं म्हणूनच सांगणं. समोरच्याने चूक दाखवली तर वाद न घालता, पण लगेच शरणही न जाता, पुन्हा विचार करणं. आणि एक गोष्ट मी मुलांइतकीच मुलींमध्येही पाहते: प्रश्न विचारलेला असतो पॅनेलवरच्या बाईंनी आणि उत्तर दिलं जातं शेजारच्या पुरुषाकडे बघून. हे असभ्य आहे. कुठलाही क्लास हे शिकवत नाही आणि त्या बाईंच्या मात्र ते बरोबर लक्षात राहतं.

लॅपटॉपच्या मागे बसायचं अजिबात नाही. एका सराव मुलाखतीत एक मुलगी प्रत्येक उत्तराआधी डावीकडे बघत होती. चौथ्या प्रश्नाला मी विचारलं, तिकडे कोण आहे? बाबा होते. ती रडायला लागली, ते समोर येऊन मला समजावू लागले, आणि तिच्या उत्तरांचं बोलणं तिथेच संपलं. तो सराव होता म्हणून निभावलं. खऱ्या मुलाखतीत दुसऱ्याची मदत घेतल्याचा संशय आला तरी अर्ज बाद होऊ शकतो. त्या वेळेत तुम्ही दुकानात जा. घरात शांतता ठेवा आणि वीज गेली तर मोबाइलचं नेट हाताशी राहील एवढं बघा.

केटी लपत नाही. मूळ गुणपत्रिका तपासल्या जातात आणि पॅनेलसमोरच्या कागदात बहुधा ती नोंद असतेच. तिने दोन वाक्यांत सांगावं: त्या सहामाहीत काय चुकलं, आणि पुन्हा बसून किती गुणांनी सुटली. तिसरं वाक्य नको, शिक्षकांवर खापर तर नकोच. त्यापेक्षा त्या पेपरातले लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फूरिये सिरीज पुन्हा काढून बसायला सांगा. केटी दिसली की गणिताचा प्रश्न येतो, आणि तो सोडवला की केटीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कंपनीचं प्रकरण मला जास्त टोचतं. पुढे शिकणार नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलंत. मुलाखतीत कुणी विचारलंच तर तिने खरं सांगावं, की कॅटचा भरवसा नव्हता, हातची नोकरी जाईल या भीतीने नाही म्हटलं आणि तसं म्हणायला नको होतं. हे बोलायला धीर लागतो, पण तिच्यात तो आहे असं मला वाटतं. बिझनेस स्कूलचा प्रवेश पक्का होईपर्यंत ऑफर सोडायची गरज नाही. पक्का झाला की मात्र त्याच दिवशी कंपनीला ईमेल आणि कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना फोन. रुजू व्हायच्या तारखेला नुसतं न जाणं, फोन न उचलणं, हे सर्रास चालतं आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात. लहान शहरातल्या कॉलेजात कंपनी आधीच नाइलाजाने आलेली असते. असे दोन अनुभव आले की ती पुढच्या वर्षी येत नाही. मग तुमच्या मुलीच्या मागच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला, जिच्याकडे ना कॅट आहे ना दुसरा पर्याय, मुलाखतीची खुर्चीही मिळत नाही.

राज्याच्या एमबीए सीईटीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय: द्यायला लावा. कॅप फेऱ्यांतला, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतला प्रवेश, अगदी मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचासुद्धा, गुणांवर होतो, तिथे मुलाखत नसते.

मुंबईला एक दिवस आधी पोचा. रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सकाळी उतरायचं आणि डब्यातच तोंड धुऊन थेट मुलाखतीला जायचं, असं करू नका. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत ठेवा. आत गेल्यावर पाया पडायची गरज नाही, हसून गुड मॉर्निंग म्हटलं की झालं. हात त्यांनी पुढे केला तरच मिळवावा. फोन बंद करून पर्समध्ये. तुम्ही गेटपर्यंत जा, आत चौकशीला जाऊ नका, आणि ती बाहेर आल्यावर पहिल्या तासात काय काय विचारलं ते विचारू नका.

गावाबद्दल विचारलं तर क्लासने ‘भगवंताची नगरी’ असं काहीतरी पाठ करून घेतलं असेल. ते ठीकच आहे, आणि ‘बार्शी तिथे सरशी’ तर तिला तोंडपाठ असणार. पण ती मेकॅनिकलची आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे, ती अडीच फुटी अरुंद रूळवाट, ती बांधणारा इंजिनिअर कॅल्थ्रॉप, आणि एवढ्या हलक्या रुळांवर जास्त वजन नेण्यासाठी त्याने प्रत्येक चाकावरचा भार सारखा कसा ठेवला, हे ती समजून घेईल तर तिला स्वतःलाच बोलावंसं वाटेल.

तयारी म्हणून एवढंच करा. या आठवड्यात दोन संध्याकाळी शटर ओढल्यावर तिला दुकानात बसवा आणि हिशेबाची वही तिच्या हातात द्या. एका शर्टाला कापड किती लागतं, शिलाई किती पडते, कुठल्या शाळेकडे किती थकलंय, झेडपीचं काम गेलं त्या वर्षी कुणाला कामावरून कमी करावं लागलं, सगळं तिला विचारू दे. तुम्ही उत्तरं द्या, काही न लपवता. मधे तिला शिकवायला जाऊ नका.

आणि तो ब्लेझर. खांद्यात सैल आहे हे तुमच्या नजरेने पहिल्याच दिवशी टिपलं, तरी नावासाठी घेतलात. दुकानदार परत घेत असेल तर परत करा. शाळांचे ब्लेझर शिवत असालच. नसाल तर इस्त्री केलेला साधा सलवार-कमीजही चालतो, तोही तुम्हीच शिवा. तिची मापं घ्यायला फार वेळ लागणार नाही.